कूपमंडूक : एका शब्दाची दुरुस्ती

मृग नक्षत्र लागून आठ-दहा दिवस उलटले की यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात माणसे एकमेकांशी बोलताना आभाळाकडे पाहू लागतात. ज्यांनी पेरले आहे तेही पाहतात, आणि ज्यांनी हात आखडता घेतला आहे तेही. मी शेतकरी नव्हे. उभे आयुष्य मराठी शिकवण्यात गेले. परंतु मी राहतो त्या घरामागे मुरूम आणि काळा दगड फोडून खणलेली एक जुनी विहीर आहे, आणि पाऊस खरोखरच आला की नुसता शिंतडून गेला, याची खात्रीची बातमी मला त्या विहिरीतून कळते. पहिला दमदार पाऊस झाला की त्या रात्री विहीर बोलू लागते. सकाळी वाकून पाहिले तर पाण्याच्या कडेला बसलेले मोठे नर बेडूक हळदीसारखे पिवळे झालेले असतात आणि ओरडताना त्यांच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. एरवी हाच प्राणी मातकट, शेवाळी, कुणाचे लक्षही जाणार नाही असा असतो.

इतकी वर्षे हे दृश्य पाहत असूनही वर्गात मी ‘कूपमंडूक’ हा शब्द सढळ हाताने वापरीत आलो. ज्याचे वाचन पाठ्यपुस्तकापलीकडे गेलेले नाही तो कूपमंडूक. ज्याला आपल्या जातीपलीकडचे किंवा तालुक्यापलीकडचे काही दिसत नाही तो कूपमंडूक. शब्द संस्कृत असल्यामुळे शिवी असूनही तो शिवीसारखा वाटत नाही, आणि शिक्षकाला अशा शब्दांची फार सोय असते. या लेखात मला त्या एका शब्दाविषयी लिहावयाचे आहे. तो मी एकदा चुकीच्या ठिकाणी वापरला, आणि तो चुकीचा होता हे मला बारा वर्षांनी, आठशेहून अधिक किलोमीटर अंतरावर, एका लहानशा बेडकाने समजावून दिले.

गोष्ट २००६ सालची. महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी आलेले विद्यार्थ्यांचे लेखन मी तपासत होतो. केळापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून येणाऱ्या, बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने ‘धोंडी’ या विषयावर पाच-सहा पाने लिहून दिली होती. पाऊस लांबला की आपल्याकडे पोरे धोंडी मागतात हे वैदर्भीय वाचकांना सांगावयास नको. अंगाला कडुनिंबाचा पाला गुंडाळलेली मुले खांद्यावर आडवे मुसळ घेतात. मुसळाच्या मध्यभागी, पाल्यात बांधलेला एक बेडूक लोंबत असतो. घरोघरी फिरून पावसाचे गाणे म्हणायचे, बाया घागरीने पाणी ओततात, सुपातून दाणे देतात. त्या मुलीने हे सारे आपल्या दोन भावांच्या मागे मागे फिरणाऱ्या लहान बहिणीच्या नजरेने लिहिले होते. भावांनी मुसळ खाली ठेवले, दाणे वाटून घेतले आणि ते पळाले; बेडूक तसाच बांधलेला राहिला. मग तिच्या आजीने गाठ सोडली, त्याला ओंजळीत घेऊन नाल्याच्या काठावर नेले, ओल्या मातीवर ठेवले आणि म्हणाली, “माफ कर बापा, लय तरास झाला तुले.”

मी त्या पानांवर लाल शाईने काम केले. ‘पानी’चे ‘पाणी’ केले. ‘मले’ जिथे जिथे होते तिथे ‘मला’ केले. आजीच्या वाक्यावर काट मारून वर लिहिले : ‘क्षमा कर, तुला फार त्रास झाला.’ आणि शेवटी समासात, माझ्या वळणदार अक्षरात, अभिप्राय दिला : ‘निरीक्षण बरे आहे, परंतु लेखन गावाच्या वेशीबाहेर येत नाही. कूपमंडूक वृत्ती सोडावी. वाचन वाढवावे.’

लेख परत गेला. तो पुन्हा माझ्याकडे आला नाही. वार्षिकांकात त्या वर्षी तिचे काही छापले गेले नाही, पुढच्या वर्षीही नाही. मला त्याची खंत त्या वेळी वाटली, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. मी ती घटना विसरूनच गेलो होतो.

वास्तविक पाहता साहित्याच्या अध्यापकाला बेडूक परका नसावा. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले १०३ वे सूक्त मंडूकसूक्त म्हणून प्रसिद्ध आहे आणि ते वसिष्ठाच्या नावावर आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांप्रमाणे मौन धरून पडलेले बेडूक पर्जन्याच्या स्पर्शाने वाचा फुटून बोलू लागतात, अशी त्याची सुरुवात. त्यात एका ठिकाणी म्हटले आहे की एक बेडूक दुसऱ्याचे बोल पुन्हा उच्चारतो, शिष्याने गुरूचे बोल घोकावेत तसे. पुढच्याच ऋचेत त्यांचे वर्णन येते : कुणी गाईसारखा हंबरतो, कुणी बोकडासारखा आवाज काढतो, कुणी ठिपक्यांचा आहे, कुणी हिरवट, नाव सर्वांचे एकच, पण रूपे वेगळी आणि वाणी नाना परींची. मॅक्स म्युलरला या सूक्तात ब्राह्मणांचा उपहास दिसला. इतर अभ्यासकांनी ते पाऊस मागण्याचे सूक्त मानले. तो वाद बाजूला ठेवू. मी हे सूक्त अनेकदा वर्गात सांगितले आहे आणि प्रत्येक वेळी गुरुशिष्यांच्या उपमेवर थांबलो आहे, कारण तिथे मुले हसतात. त्यानंतरच्या ऋचेपाशी मी कधी थांबलो नाही.

पुढे बेडकाची वाङ्मयीन प्रतिष्ठा उतरत गेलेली दिसते. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात कमळाचा कंद आणि बेडूक एकाच घरी नांदतात, परंतु पराग भुंगा नेतो आणि शेजाऱ्याच्या वाट्याला चिखलच येतो. पंचतंत्रातल्या ‘लब्धप्रणाश’ या चौथ्या तंत्रात गंगदत्त नावाचा मंडूकराज भाऊबंदांना कंटाळून विहिरीबाहेर पडतो आणि त्यांचा सूड घेण्यासाठी प्रियदर्शन नावाच्या सापाला विहिरीत घेऊन येतो. साप भाऊबंद संपवतो आणि मग गंगदत्ताच्या कुटुंबाकडे वळतो. स्वामी विवेकानंदांनी १५ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत विहिरीतल्या आणि समुद्रातल्या बेडकांची गोष्ट सांगितली, ती आपणां सर्वांना शालेय वयापासून ठाऊक असते. व्याकरणकारांनी मात्र बेडकाला एक सन्मानाचे स्थान दिले. पाणिनीच्या सूत्रांतले एखादे पद मधली सूत्रे ओलांडून पुढच्या सूत्रात लागू होते, तेव्हा त्या उडीला ‘मंडूकप्लुती’ म्हणतात. एवढी पुंजी घेऊन मी स्वतःला बेडकांचा जाणकार समजत होतो. या साऱ्या बेडकांत एक गोष्ट समान आहे, ती अशी की त्यांतला एकही स्वतःसाठी बेडूक नाही. प्रत्येक जण माणसाविषयी काहीतरी सांगण्याच्या कामाला जुंपलेला आहे, मुसळाला बांधलेल्या बेडकासारखा.

जून २०१८ मध्ये एका चर्चासत्राच्या निमित्ताने कोल्हापुरास जाणे झाले. सोबत आमच्याच महाविद्यालयातले प्राणिशास्त्राचे एक सहकारी होते. त्यांच्या प्रयोगशाळेत एके काळी मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी उताणे टाचलेले बेडूक मी दारातून पाहत असे आणि नाक मुठीत धरून पुढे जात असे. चर्चासत्र संपल्यावर ते म्हणाले, “सर, इथवर आलोच आहोत तर आंबोलीला जाऊ. तुम्हांला एक असा प्राणी दाखवतो की जो जगात दुसरीकडे कुठेच नाही.” अध्यापकांच्या बोलण्यात अतिशयोक्ती असते हे मी जाणून होतो. तरीही गेलो.

आंबोली हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातले, सह्याद्रीच्या माथ्यावरचे गाव, समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर. महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत त्याची गणना होते. आमच्या यवतमाळला वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याच्या कितीतरी पट पाऊस तिथे चार महिन्यांत कोसळतो. हिरण्यकेशी नदी तिथेच उगम पावते. आम्ही पोहोचलो तेव्हा पावसाला नुकतीच सुरुवात झाली होती आणि धुके इतके होते की पुढच्या गाडीचे दिवे जवळ येईपर्यंत दिसत नव्हते. काळ्या मातीच्या मुलखातल्या माणसाला ती लाल, भिजलेली, सतत कुठून ना कुठून वाहणारी भूमी प्रथम अनोळखीच वाटते.

संध्याकाळी एका स्थानिक तरुणाने आम्हांला वाट दाखवली. आधी झाडीतून. एका डबक्यावर झुकलेल्या फांदीला साबणाचा फेस लटकावा तसे पांढरे घरटे होते. ते उडत्या बेडकाचे, असे त्याने सांगितले. शास्त्रज्ञ त्याला मलबारी उडता बेडूक म्हणतात. तो पोपटी रंगाचा, बोटांमध्ये केशरी-तांबडे पडदे असलेला, आणि ते पडदे पसरून एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे तरंगत जाणारा. मादी अंडी घालताना पाण्यावरच्या पानांत फेसाचे घरटे करते. पिल्ले फेसातून सुटून थेट खालच्या पाण्यात पडतात. मी थक्क झालो. परंतु सहकारी म्हणाले, “हा नव्हे. हा सह्याद्रीत दूरवर सापडतो.”

मग झाडी संपली आणि आम्ही सड्यावर आलो. जांभा दगडाचे उघडे, सपाट पठार म्हणजे सडा. पावसाने दगडाच्या पृष्ठभागावर असलेल्या खळग्यांत पाणी साचले होते, काही ठिकाणी तर हाताच्या तळव्यात मावेल एवढेच. त्या तरुणाने विजेरी जमिनीलगत धरली. प्रथम मला काहीच दिसले नाही. मग दगडाचाच एक तुकडा हलला. अंगठ्याच्या दोन पेरांएवढा, खडबडीत कातडीचा बेडूक. शास्त्रीय मराठीत अशा खडबडीत बेडकाला भेक म्हणतात. पाठ दगडासारखी तपकिरी. तो वळला तेव्हा बगलेवर पिवळ्या रंगावर गडद पट्टे दिसले, वाघाच्या अंगावर असतात तसे. थोड्या वेळाने डोळे सरावले आणि ध्यानात आले की तसे पुष्कळ आहेत, प्रत्येक खळग्याच्या काठाला. पावसाच्या आवाजात त्यांचा बारीक, चिकाटीचा आवाज मिसळलेला होता, आणि तो मी इतका वेळ किड्यांचा समजत होतो.

याचे शास्त्रीय नाव झँथोफ्राईन टायग्रिना. ग्रीक भाषेत ‘झँथोस’ म्हणजे पिवळा आणि ‘फ्राईन’ म्हणजे भेक. ‘टायग्रिना’ म्हणजे वाघासारखा. २००९ साली सत्यभामा दास बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची नोंद केली आणि त्याच्यासाठी नवी प्रजातीच निर्माण केली. या प्रजातीत केवळ दोन जाती आहेत. दुसरी कोयनेच्या परिसरातली, जिचे वर्णन १९६३ मध्ये झाले होते पण तेव्हा तिला वेगळ्या प्रजातीत घातले गेले होते. दोन्ही महाराष्ट्राच्या सह्याद्रीतल्या. आणि आंबोलीचा हा भेक फक्त आंबोलीचा. त्याचे ज्ञात जग दहा चौरस किलोमीटरही भरत नाही. जागतिक निसर्गसंवर्धन संघाने त्याची गणना ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात केलेली आहे.

दहा चौरस किलोमीटर. यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या गावाचे शिवार याहून फारसे लहान नसते. माझ्या तोंडून सहज निघून गेले, “म्हणजे खराखुरा कूपमंडूक!” सहकारी हसले नाहीत. ते म्हणाले, “सर, विहिरीतला बेडूक हा नव्हे. विहिरीतला तो तुमच्या घरामागचा. आणि त्याच्याएवढा हिंडलेला बेडूक दुसरा नाही.”

मुक्कामी परत येताना त्यांनी मला ते समजावून सांगितले, आणि नंतर मी स्वतः वाचून ताडून पाहिले. माझ्या विहिरीतला मोठा, पावसाळ्यात पिवळा होणारा बेडूक पाकिस्तानपासून म्यानमारपर्यंत पसरलेला आहे. शेत, डबके, विहीर, गटार, कुठेही त्याचे भागते. तोंडात मावेल ते तो खातो, लहान बेडूकसुद्धा. त्याच्या तंगड्या परदेशांत इतक्या विकल्या गेल्या की १९८७ मध्ये भारत सरकारला बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद करावी लागली. माणसांबरोबर तो मादागास्करला पोहोचला, अंदमानातही पोहोचला, आणि अंदमानात त्याचे भैकेर, म्हणजे शेपटीवाली पिल्ले, तिथल्या मूळच्या बेडकांची पिल्ले खाऊन टाकतात असे अभ्यासकांना आढळले आहे. ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या संकुचितपणाची उपमा म्हणून वापरले तो प्राणी प्रत्यक्षात कुठेही रुजणारा आहे. त्याला त्यासाठी दोष देण्याचे कारण नाही. परंतु म्हणीतला बेडूक आणि विहिरीतला बेडूक यांची गाठ कधी पडलीच नव्हती, एवढे मात्र खरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा सड्यावर गेलो. खळग्यांतल्या पाण्यात अंड्यांचे लहान लहान पुंजके होते. रात्री पाऊस थांबला होता. सकाळी ढग विरळ होते. सहकाऱ्यांनी बोट बुडवून पाणी किती खोल आहे ते दाखवले. नखसुद्धा पूर्ण बुडत नव्हते. हा भेक पावसाळ्याच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या सरींच्या भरवशावर या उथळ खळग्यांत अंडी घालतो. खोल पाण्यात मासे असतात, खेकडे असतात, अंडी खाणारे पुष्कळ असतात. दगडावरच्या तळहाताएवढ्या पाण्याला कुणी हक्क सांगत नाही. पण पाऊस चालू राहिला तरच हे साधते. पाऊस तीन-चार दिवस ओढ धरून बसला की खळगा आटतो आणि अंडी दगडावर वाळून जातात.

यवतमाळच्या माणसाला हे समजण्यासाठी प्राणिशास्त्र शिकावे लागत नाही. पहिल्या पावसावर विसंबून कपाशीचे बी टाकायचे, मग पावसाने पाठ फिरवायची, उगवलेले कोंब दुपारच्या उन्हात माना टाकताना पाहायचे, आणि पुन्हा कृषी केंद्राच्या दारात उधारीसाठी उभे राहायचे. या दुबार पेरणीने आमच्या जिल्ह्यातल्या किती घरांचा हिशेब कायमचा चुकवला आहे, हे महाराष्ट्राला सांगावयास नको. त्या सड्यावर वाकून उभा असताना मला माझ्या घरामागची विहीर आठवली नाही. आठवली ती आभाळाकडे पाहत बोलणारी माणसे. आणि का कोण जाणे, त्यांच्या पाठोपाठ एका वहीच्या पानावर मी काट मारलेले वाक्य आठवले. बारा वर्षांत ते मला एकदाही आठवले नव्हते. आता शब्दन्‌शब्द आठवले, माझ्या दुरुस्तीसकट.

परतताना घाटरस्त्यावर गाड्यांची रांग होती. शनिवार होता, धबधब्याकडे निघालेली माणसे होती. ओल्या डांबरावर चपटे झालेले काही छोटे आकार मी पाहिले. आदल्या दिवशी ते मला दिसले नसते. दिसले असते तरी पाने वाटली असती.

यवतमाळला आल्यावर मी वाचू लागलो, तेव्हा मध्य अमेरिकेतल्या कोस्टारिका देशातली एक हकिगत हाती लागली. तिथल्या मोन्तेवेर्दे नावाच्या डोंगरावर, कायम धुक्यात असलेल्या अरण्यात, सोनेरी भेक राहत असे. नर नावाप्रमाणेच संपूर्ण झळझळीत नारिंगी. १९६६ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. त्याचेही जग असेच, डोंगरमाथ्यावरच्या काही चौरस किलोमीटरांचे, आणि तोही पावसाच्या आरंभी झाडांच्या मुळांशी साचलेल्या उथळ पाण्यात अंडी घालणारा. १९८७ मध्ये तिथे पंधराशेहून अधिक सोनेरी भेक मोजले गेले. त्या वर्षी डबकी लवकर आटली. १९८९ मध्ये एकच नर दिसला. त्यानंतर तो कुणालाही दिसलेला नाही, आणि २००४ मध्ये तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. बदलते हवामान आणि बेडकांच्या कातडीला ग्रासणारी एक बुरशी, यांपैकी कशाचा वाटा किती यावर अभ्यासकांत वाद आहेत. जगातल्या उभयचरांपैकी सुमारे ४१ टक्के जाती संकटात आहेत, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत म्हटले आहे. आकड्यापेक्षा माझ्या मनात तो १९८९ सालचा एकटा नर राहिला. पावसाळा सुरू झाला आहे, तो नेहमीच्या जागी आला आहे, आणि त्याच्या हाकेला उत्तर देणारे कुणी उरलेले नाही.

आता माझ्या शब्दाकडे येतो. कूपमंडूकाचा दोष तो विहिरीत राहतो हा नाही. पंचतंत्रातला गंगदत्त विहिरीबाहेर पडला आणि परत येताना साप घेऊन आला. बाहेर पडण्याने त्याला शहाणपण आले नाही. विहिरीलाच समुद्र समजून समुद्राची हकिगत सांगणाऱ्याला खोटे ठरवणे, हा गोष्टीतला खरा दोष. आंबोलीचा भेक सड्याला जग समजतो की नाही, मला ठाऊक नाही. परंतु त्या जांभ्या दगडाची, त्या पावसाची आणि त्या बोटभर पाण्याची जी ओळख त्याच्या देहात उतरली आहे ती दुसऱ्या कुणाजवळ नाही. तो एका जागेपुरता आहे याचा अर्थ तो कमी आहे असा नव्हे. त्या जागेचे जे काही म्हणणे असेल ते त्याच्याखेरीज कुणी म्हणणार नाही, असा त्याचा अर्थ आहे.

मी एका मुलीला कूपमंडूक म्हटले कारण तिचे लेखन गावाच्या वेशीबाहेर येत नव्हते. वास्तविक तिने समुद्र नाकारला नव्हता. प्रमाणभाषा हाच समुद्र असे धरून चालणारा आणि नाल्याकाठच्या आजीचे वाक्य खोटे ठरवणारा मीच होतो. गोष्टीतला बेडूक कोण, हे ठरवताना मी लाल शाई हातात असलेल्या माणसाला मोजलेच नव्हते. ‘लय तरास झाला तुले’ यातला ‘तुले’ बदलला की ती आजी उरत नाही. ओंजळीत बेडूक घेऊन कुणीतरी सभ्य बाई उभी राहते, आणि अशी बाई केळापूर तालुक्यातल्या नाल्यावर कधी गेलेली नाही.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. बोली म्हणजे संकटग्रस्त प्राणी आणि प्रमाणभाषा म्हणजे सर्वभक्षी बेडूक, असे सोपे समीकरण मला मांडावयाचे नाही. वऱ्हाडी लाखो लोक बोलतात. प्रमाणभाषेतच मी हा लेख लिहितो आहे, तिनेच मला पोटाला दिले, आणि खेड्यातल्या मुलांना ती यावी यासाठी मी आयुष्य घालवले, त्याचा मला पश्चात्ताप नाही. शिवाय नुकताच मी बेडकांना माणसाच्या कामाला जुंपण्याविषयी तक्रार केली आणि लगेच त्यांना भाषेच्या गाड्याला जुंपले, हा आक्षेप वाचकांनी घेतला तर तोही मान्य आहे. सवय जुनी आहे. माझे म्हणणे एका लेखापुरते, एका अभिप्रायापुरते आहे. मंडूकसूक्तात गुरूचे बोल घोकणाऱ्या शिष्याची उपमा आहे, तिच्यानंतर लगेचच नाव एक आणि वाणी नाना परींची, ही ऋचा येते. मी पहिल्या ऋचेचा गुरू होऊन बसलो आणि दुसरी वाचली नाही.

जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले. या शहरात याआधी १९७३ मध्ये, ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली ते भरले होते. या वेळी अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या, आणि उद्‌घाटन जिल्ह्यातल्याच एका आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्ते झाले. संमेलनाआधी झालेले वाद सर्वांना माहीत आहेत. त्यांत शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मी दुसऱ्या दिवशी पुस्तकांच्या गाळ्यांतून हिंडत होतो. कुणीतरी हाक मारली : “सर!”

मी तिला लगेच ओळखले नाही. तिने नाव सांगितले, आणि आंबोलीचा तो उघडा सडा माझ्या डोळ्यांपुढे आला. सोबत सात-आठ वर्षांची मुलगी होती. तिने माझ्या प्रकृतीची चौकशी केली, कोणत्या वर्षी निवृत्त होणार ते विचारले. मला तिला आजीविषयी विचारायचे होते. त्या पानांचे काय झाले, ते विचारायचे होते. त्या अभिप्रायाबद्दल मी काही बोलू पाहत होतो, पण गाळ्यापुढे गर्दी होती आणि तिला तो अभिप्राय आठवत असेलच असे कशावरून, असाही विचार मनात आला. शेवटी एवढेच विचारले, “अजून लिहितेस का?”

“नाही सर,” ती म्हणाली, “आता वेळच मिळत नाही. परंतु वाचन मात्र चालू ठेवले आहे.”

भाषा निर्दोष होती. मला त्यात कुठेही दुरुस्ती करता आली नसती. मग मुलगी तिचा पदर ओढू लागली, तेव्हा ती वाकली आणि तिला म्हणाली, “थांब न माय, चाललोच आपन. तुले पानी पाह्यजे काय?”

मी तिथेच उभा राहिलो. दोघी गर्दीत शिरल्या. काही अंतरापर्यंत मुलीचे काहीतरी विचारणे आणि तिचे उत्तर देणे ऐकू येत होते, नंतर लाउडस्पीकरवर पुढच्या परिसंवादाची घोषणा सुरू झाली.

आता मी निवृत्त झालो आहे. तपासायला वह्या नाहीत. या वर्षीही मृग लागला की घरामागची विहीर कधी बोलू लागते याची वाट पाहीन, आणि आंबोलीला त्या दिवसांत पाऊस टिकून आहे ना, ते वर्तमानपत्रात पाहीन. ‘कूपमंडूक’ हा शब्द मी वापरणे सोडले आहे. आजीच्या वाक्याची नक्कल मात्र एका कागदावर करून ठेवली आहे, जशी त्या मुलीने लिहिली होती तशी, माझ्या दुरुस्तीविना.